स्ट्रूप प्रॅक्टिकल: कार्ड छापण्यापासून टी-मूल्यापर्यंत

लाल शाईत छापलेला 'निळा' हा शब्द कुणासमोर धरा आणि शाईचा रंग विचारा. तोंडातून आधी 'नि…' निघतं, जीभ क्षणभर अडखळते आणि मग 'लाल' येतं. हा अडखळण्याचा वेळ मोजता येतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ साली अमेरिकेत मोजून प्रसिद्ध केला, म्हणून याला स्ट्रूप परिणाम म्हणतात. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात १०० विद्यार्थी होते. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. तेच रंग जेव्हा दुसऱ्याच रंगांची नावं असलेल्या शब्दांच्या शाईत होते, तेव्हा लागले ११०.३ सेकंद. एका कार्डामागे ४७ सेकंदांचा फरक!

मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायला याहून चांगलं प्रॅक्टिकल आम्हाला माहीत नाही. साहित्य म्हणजे दोन कागद आणि एक मोबाइल. परिणाम इतका दणदणीत की दहा प्रयुक्तांवरही (प्रयोगाला बसणाऱ्यांवरही) दिसतो. शिवाय एकाच माणसाची दोन मापं घेतल्यामुळे टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी) नेमकी कशावर चालते, ते डोळ्यांसमोर उलगडतं. विद्यार्थी बहुतेक वेळा प्रयोग एका दिवशी 'उरकतात' आणि गणित सबमिशनच्या आदल्या रात्री करतात. तिथेच घोळ होतो. कारण गणितात जी संख्या भागाकाराला बसते, ती प्रयोगाच्या टेबलावरच तयार झालेली असते. ती कशी, ते पुढे येईलच.

आधी कार्डं

रंग चारच घ्या: लाल, निळा, हिरवा, काळा. पिवळा टाळा, कारण पांढऱ्या कागदावर तो फिका पडतो आणि गडद केला तर प्रयुक्त त्याला 'नारिंगी' म्हणतो. जांभळा साध्या प्रिंटरवर निळ्याच्या जवळ जातो. गुलाबी आणि लाल यांचंही तसंच. निवडलेल्या चारही नावांचा पहिला ध्वनी वेगळा आहे (ला, नि, हि, का), त्यामुळे नंतर रेकॉर्डिंग ऐकताना कोणता रंग म्हटला याबद्दल शंका राहत नाही.

चार शब्द आणि चार शाया असतील, तर शब्द आणि शाई न जुळणाऱ्या जोड्या होतात ४ × ३ = १२. प्रत्येक जोडी तीनदा आली की ३६ शब्द होतात, म्हणजे ६ ओळी आणि ६ स्तंभ. प्रत्येक शाई बरोबर नऊ वेळा येते, प्रत्येक शब्दही नऊ वेळा. चाळीस किंवा पन्नास शब्द घेतले तर हा हिशेब जमत नाही. एखादी जोडी जास्त वेळा येते आणि तीच सोपी पडली तर मापात शिरते.

३६ चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक जोडी लिहा, पिसा आणि टेबलावर सहा-सहाच्या ओळींत मांडा. मग दोन गोष्टी तपासा. एक, सलग दोन जागी तीच शाई नको. दोन, या जागी जो शब्द दुर्लक्षायचा आहे, तोच पुढच्या जागेचा शाईचा रंग नको. नुकतंच जे बाजूला सारलं तेच लगेच उच्चारायचं झालं तर माणूस आणखी अडखळतो, आणि तो अडथळा तुम्हाला मोजायचा नाही. नमुन्यादाखल एक ओळ पाहा (आधी शब्द, मग शाई): लाल–निळी, हिरवा–काळी, निळा–लाल, लाल–हिरवी, काळा–निळी, हिरवा–लाल. दोन्ही अटी पाळल्या आहेत का, ते एकेका जोडीवर बोट ठेवून बघा. पूर्ण कार्डावर दुसरी अट शंभर टक्के जमवताना दमछाक होते. दोन-तीन ठिकाणी मोडली तर चालेल, पण पहिली मोडू नका.

हे झालं कार्ड 'ब'. कार्ड 'अ'वर शब्दांऐवजी तीन छोटे भरीव चौकोन एकाशेजारी एक छापा, साधारण शब्दाएवढ्या रुंदीचे. शाईचा क्रम कार्ड 'ब'चाच, पण उलटा, शेवटून सुरुवातीकडे. म्हणजे दोन्ही कार्डांवर प्रत्येक रंग तितक्याच वेळा येतो आणि क्रम पाठ झाल्याचा फायदा कुणालाच मिळत नाही.

काही जण कार्ड 'अ' म्हणून जुळणारे शब्द घेतात, म्हणजे लाल शाईत 'लाल', निळ्या शाईत 'निळा'. तसं करू नका. तिथे प्रयुक्त रंग न बघता सरळ शब्द वाचून मोकळा होतो, आणि वाचणं हे रंग सांगण्यापेक्षा मुळातच जलद असतं. जेम्स मॅककीन कॅटेल यांनी हे १८८६ सालीच दाखवलं होतं. मग फरक मोठा दिसतो, पण त्यातला किती अडथळ्याचा आणि किती वाचनाच्या सोयीचा, हे सांगता येत नाही. तिसरं कार्ड म्हणून हवं तर ते ठेवा, तुलनेचा पाया म्हणून नको.

अक्षर जाड ठेवा, २४ पॉइंटच्या आसपास. देवनागरीच्या बारीक रेषांत रंग पुरेसा भरत नाही. 'निळा'ची वेलांटी निळी आहे की काळी, हे ट्यूबलाइटखाली पटकन कळत नाही. दोन्ही कार्डं एकाच प्रिंटरवर, एकाच वेळी छापा. लॅमिनेशन नको, चमक येते. याशिवाय आठ-आठ जागांची दोन सरावाची कार्डंही करा, एक चौकोनांचं आणि एक शब्दांचं.

कोण बसेल, कोण नाही

दहा प्रयुक्त पुरतात, वीस मिळाले तर उत्तम. सगळे मराठी सहज वाचणारे हवेत. ही अट फार महत्त्वाची आहे, कारण शब्द आपोआप वाचला जातो म्हणूनच तो आडवा येतो. वाचायला न शिकलेल्या लहान मुलाला हा त्रास होतच नाही. ज्याचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि देवनागरी अक्षरं जुळवत जो वाचतो, त्याचा अडथळाही कमी येण्याची शक्यता असते. असे दोन-तीन जण मिसळले की फरक पांगतात. गट इंग्रजी माध्यमाचाच असेल तर सरळ इंग्रजी शब्दांची कार्डं करा, पण मग सगळ्यांसाठी तीच.

रंगांधळेपण सरावाच्या कार्डावर लक्षात येतं. लाल-हिरव्याचा गोंधळ पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि कित्येकांना तो स्वतःलाही ठाऊक नसतो. सरावात असं काही दिसलं तर सगळ्यांसमोर बोलू नका. आभार माना आणि दुसरा प्रयुक्त घ्या.

प्रत्येकाची संमती आधी घ्या. मध्येच थांबायची मोकळीक आहे हे सांगा आणि नोंदपत्रकावर नावाऐवजी क्रमांक लिहा.

क्रम कसा ठरवायचा

सगळ्यांना आधी 'अ' आणि मग 'ब' दिलं तर दुसऱ्या कार्डावर सरावाचा फायदाही असतो आणि थकव्याचा तोटाही. दोन्ही परिणाम फरकात मिसळतात आणि नंतर कोणत्याही सूत्राने वेगळे काढता येत नाहीत. म्हणून निम्म्यांना अ–ब आणि निम्म्यांना ब–अ. याला प्रतिसंतुलन म्हणतात. पाच चिठ्ठ्यांवर 'अब', पाचांवर 'बअ' लिहा, घडी करून डब्यात टाका आणि प्रत्येक प्रयुक्त आला की एक काढा. निघालेली चिठ्ठी त्याच्या नोंदपत्रकाला स्टेपल करा. हे स्टेपल करणं क्षुल्लक वाटतं, पण शेवटी तेच कामाला येतं.

टेबलावर

सूचना लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. समोर रोजची मैत्रीण असली तरी 'अगं, तू फक्त रंग सांग' असं एकीला आणि 'पटापट बोला हां' असं दुसऱ्याला, हे चालणार नाही. साधारण अशी सूचना पुरते:

'तुमच्यासमोर एक कार्ड येईल. पहिल्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक जागेच्या शाईचा रंग मोठ्याने सांगा. शब्द वाचू नका. लाल, निळा, हिरवा, काळा हीच चार नावं वापरा. चूक झाल्याचं लक्षात आलं तर लगेच दुरुस्त करा आणि पुढे जा. जितकं जलद आणि जितकं अचूक जमेल तितकं करा. बोट ठेवू नका, डोळे किलकिले करू नका.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. डोळे बारीक केले की अक्षरं पुसट होतात, रंग तेवढा उरतो आणि अडथळा कमी होतो. हुशार प्रयुक्त ही युक्ती तिसऱ्या ओळीपर्यंत आपणहून शोधून काढतो. म्हणून प्रयोगकर्त्याने समोर न बसता थोडं बाजूला बसावं, म्हणजे डोळेही दिसतात आणि दडपणही येत नाही.

आधी सरावाची दोन्ही कार्डं द्या. मग चिठ्ठीतल्या क्रमाने पहिलं कार्ड टेबलावर पालथं ठेवा. 'सुरू' म्हणत ते उलटा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबा. छत्तिसावा रंग उच्चारला गेला की थांबवा. दोन कार्डांमध्ये दोन मिनिटं विश्रांती द्या आणि तेवढ्या वेळात फोन हातात घेऊ देऊ नका. हाताने घड्याळ दाबण्यात सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी चूक होते. तीस-चाळीस सेकंदांच्या मापात ती नगण्य आहे. संमती असेल तर आवाज रेकॉर्ड करा. घड्याळ दाबायचं राहून गेलं तर वेळ रेकॉर्डिंगवरून काढता येतो.

चुका वेगळ्या स्तंभात नोंदवा: दुरुस्त केलेल्या आणि न केलेल्या. वेळेत दंड म्हणून सेकंद मिळवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. आम्हाला ती पटत नाही, कारण एका चुकीचे किती सेकंद हे कुणी ठरवायचं? पण चुका बघा मात्र जरूर. एखाद्याने 'ब' कार्ड अगदी झटपट संपवलं आणि नऊ चुका तशाच सोडल्या, तर त्याने वेग घेतला आणि अचूकता सोडली. कोणाला वगळायचं याचा नियम प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'चारपेक्षा जास्त न दुरुस्त केलेल्या चुका' किंवा 'मध्ये व्यत्यय आला'. आकडे पाहिल्यावर केलेला नियम हा नियम नसतो.

दोन्ही कार्डं झाली की लगेच विचारा: काय झालं, काय युक्ती केली? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. जर्नलमधला (प्रॅक्टिकलच्या वहीतला) अंतर्निरीक्षणाचा, म्हणजे प्रयुक्ताने स्वतःचा अनुभव सांगण्याचा, भाग घरी बसून रचलेला असला की पहिल्या ओळीतच कळतो.

फरकाचा स्तंभ

आता गणित. खालचे आकडे गणित समजावण्यासाठी रचलेले आहेत, वेळ सेकंदांत आहे.

प्रयुक्त १: अ २८, ब ४१, फरक १३
प्रयुक्त २: अ ३१, ब ४५, फरक १४
प्रयुक्त ३: अ २५, ब ३४, फरक ९
प्रयुक्त ४: अ ३४, ब ५२, फरक १८
प्रयुक्त ५: अ २९, ब ४०, फरक ११
प्रयुक्त ६: अ २७, ब ४३, फरक १६
प्रयुक्त ७: अ ३६, ब ४८, फरक १२
प्रयुक्त ८: अ ३०, ब ३७, फरक ७
प्रयुक्त ९: अ २६, ब ४१, फरक १५
प्रयुक्त १०: अ ३४, ब ४९, फरक १५

'अ'चं मध्यमान (सरासरी) ३०, 'ब'चं ४३, फरकांचं १३. दोन मध्यमानांची वजाबाकी आणि फरकांचं मध्यमान सारखंच आलं पाहिजे. आलं नाही तर बेरीज चुकली आहे, पुढे जाऊ नका.

कोणतंही सूत्र लावण्याआधी फरकांची चिन्हं मोजा. दहाच्या दहा अधिक आहेत. कार्डाने काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक प्रयुक्ताचं चिन्ह म्हणजे नाणेफेक असती. दहा वेळा नाणं उडवून दहाही वेळा छाप पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १ आहे. दहाही छाप किंवा दहाही काटा, असं धरलं तर १०२४ मध्ये २, म्हणजे सुमारे ०.००२. 'पी-मूल्य' म्हणजे काय, याचं उत्तर इथेच मिळतं: परिणाम नाहीच असं धरून चाललं, तर हातात आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता. शून्य अभ्युपगम, म्हणजे 'कार्डाने काहीच फरक पडत नाही' हे विधान, खरा असण्याची शक्यता नव्हे! व्हायवात बहुतेक जण इथे घसरतात.

चिन्हांची मोजणी फरक किती मोठा हे बघत नाही. टी बघतं. प्रत्येक फरकातून १३ वजा करा: ०, १, –४, ५, –२, ३, –१, –६, २, २. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. ही दुसरी तपासणी. वर्ग करा: ०, १, १६, २५, ४, ९, १, ३६, ४, ४. बेरीज १००. तिला प्रयुक्तांच्या संख्येतून एक वजा करून आलेल्या ९ने भागा: ११.११. वर्गमूळ ३.३३. हे फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे फरक किती पांगले आहेत याचं माप. याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ने भागलं की प्रमाण त्रुटी (सरासरी फरक योगायोगाने किती हलू शकतो याचं माप) येते १.०५४. आणि टी म्हणजे १३ ÷ १.०५४ = १२.३३.

दहाने न भागता नवाने का भागायचं? विचलनं ज्या मध्यमानापासून मोजली ते याच दहा आकड्यांतून काढलेलं आहे. नऊ विचलनं माहीत झाली की दहावं आपोआप ठरतं, कारण बेरीज शून्य व्हायलाच हवी. मोकळे आकडे नऊच. हीच स्वातंत्र्य मात्रा, वर्गात जिला 'डीएफ' म्हणतात. दहाने भागलं असतं तर प्रमाण विचलन ३.१६, प्रमाण त्रुटी बरोबर १ आणि टी १३.०० आलं असतं. किती सुटसुटीत! आणि चूक, तेही स्वतःच्या बाजूने झुकलेली चूक. स्प्रेडशीटमध्येही हाच सापळा आहे: प्रमाण विचलनाच्या फंक्शनच्या नावाअखेर 'एस' असेल तर ते नवाने भागतं, 'पी' असेल तर दहाने. आपल्याला 'एस' हवं.

टेबलावरची शिस्त कुठे जाते, ते आता पाहा. टीच्या वर आहे सरासरी फरक. खाली आहेत फरकांची पांगापांग आणि प्रयुक्तांची संख्या. प्रयोगकर्त्याने एकाला सूचना नीट दिली आणि दुसऱ्याला घाईत, एकाने डोळे किलकिले केले, एकाचा फोन वाजला, की सरासरी फारशी हलत नाही, पण फरक ७ ते १८च्या ऐवजी –२ ते ३० असे पसरतात. छेद फुगतो आणि टी खाली येतं.

चुकीची टी-चाचणी लावली तर

दोन स्तंभ दिसले की 'दोन गट' समजून स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावणं ही सगळ्यात सर्रास आढळणारी चूक. याच आकड्यांवर ती लावून बघा. 'अ'च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १२४, प्रचरण (ती बेरीज भागिले ९) १३.७८. 'ब'ची बेरीज २८०, प्रचरण ३१.११. दोन्ही प्रचरणांची बेरीज ४४.८९, भागिले १०, वर्गमूळ २.१२. टी = १३ ÷ २.१२ = ६.१४. तेच आकडे, आणि टी निम्म्यावर आलं.

कारण प्रयुक्त ७ मुळातच संथ बोलतो: ३६ आणि ४८. प्रयुक्त ३ मुळातच भराभर बोलते: २५ आणि ३४. स्वतंत्र गटांच्या चाचणीला हे माहीत नसतं. माणसामाणसांतला वेगाचा फरक ती त्रुटीत जमा करते. वजाबाकी केली की प्रत्येकाचा स्वतःचा वेग निघून जातो, कारण तो दोन्ही मापांत असतो. इथे 'अ' आणि 'ब' यांच्यातला सहसंबंध (दोन मापं एकत्र वर-खाली होण्याचं प्रमाण, जास्तीत जास्त १) ०.८२ आहे, म्हणून एवढा फायदा झाला. प्रयोगात एकाच माणसाला दोनदा बसवण्याचे कष्ट ज्यासाठी घेतले, तेच चुकीच्या सूत्राने वाया जातं.

स्प्रेडशीटमधल्या टी-चाचणीच्या फंक्शनमध्ये शेवटी प्रकार विचारतात. जोडीसाठी १ लिहायचा. ते फंक्शन टी देत नाही, पी देतं, आणि इथे पी इतकं छोटं आहे की उत्तर ६.१ला 'ई-०७' असं शेपूट लावून येतं. त्याचा अर्थ दशांश चिन्ह सात घरं डावीकडे. शेपूट न बघता 'पी = ६.१' असं जर्नलमध्ये लिहिलं जातं. पी कधीही १च्या वर जात नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी ही चूक लगेच सापडते.

तक्ता आणि निष्कर्ष

९ स्वातंत्र्य मात्रेसाठी दुपुच्छ (फरक दोन्ही दिशांना धरणाऱ्या) तक्त्यात ०.०५ला २.२६२, ०.०१ला ३.२५० आणि ०.००१ला ४.७८१ अशी मूल्यं आहेत. आपलं १२.३३ तिन्हींच्या वर आहे, म्हणून शून्य अभ्युपगम फेटाळायचा. 'ब'ला जास्तच वेळ लागेल असा दिशा सांगणारा अभ्युपगम आधीच लिहिला असेल, तर एकपुच्छ तक्ता चालतो, तिथे ०.०५ला १.८३३ पुरतं. पण ते आधी लिहिलेलं हवं. टी २.० आल्यावर एकपुच्छाकडे वळणं म्हणजे गोल झाल्यावर खांब सरकवणं.

इतक्या कमी माणसांवर काही म्हणता येतं, याचं श्रेय डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर असलेल्या विल्यम गॉसेट यांचं. त्यांच्याकडे जवाचे आणि हॉप्सचे नमुने मोजकेच असत आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने हा मार्ग छापला. पाठ्यपुस्तकात 'स्टुडंटची टी-चाचणी' लिहिलेलं असतं ते यामुळे. विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली म्हणून नव्हे.

फरक सार्थक आहे, म्हणजे योगायोगाचा वाटत नाही, एवढं सांगून थांबू नका, किती ते सांगा. २.२६२ गुणिले १.०५४ म्हणजे २.३८. सरासरी फरकाचा ९५ टक्के विश्वास पट्टा (खरा सरासरी फरक ज्यात असावा अशी मर्यादा) १०.६ ते १५.४ सेकंद. छत्तीस जागांवर १३ सेकंद म्हणजे एका जागेमागे सुमारे ०.३६ सेकंद. वाचणाऱ्याला हा शेवटचा आकडा टीपेक्षा जास्त काही सांगून जातो.

निष्कर्ष असा लिहिता येईल: 'रंगांच्या चौकोनांपेक्षा (मध्यमान ३०.० सेकंद) विसंगत रंगशब्दांची शाई सांगायला (मध्यमान ४३.० सेकंद) सार्थकपणे जास्त वेळ लागला; टी (९) = १२.३३, पी < ०.००१.' 'अभ्युपगम सिद्ध झाला' असं लिहू नका. पुष्टी मिळाली, एवढंच.

आलेखात दोन स्तंभ काढून सोडण्यापेक्षा प्रत्येक प्रयुक्ताचे दोन बिंदू रेषेने जोडा. दहा रेषा वर चढताना दिसल्या की जोडीची रचना न सांगता कळते, आणि एखादी रेषा वेगळी वागली तर तीही लपत नाही.

चर्चेत 'वाचन आपोआप होतं' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याला आधार द्या. स्ट्रूप यांच्या पहिल्या प्रयोगात ७० विद्यार्थ्यांना शाईकडे दुर्लक्ष करून शब्द वाचायचे होते. काळ्या शाईतले शंभर शब्द वाचायला ४१ सेकंद लागले, विसंगत शाईतले वाचायला ४३.३. फक्त २.३ सेकंदांची भर, आणि उलट दिशेने ४७ची. शब्द रंगाच्या आड येतो, रंग शब्दाच्या आड जवळजवळ येत नाही. म्हणजे अडथळा एकतर्फी आहे, आणि ज्याचा सराव जास्त तो जिंकतो हे स्पष्टीकरण त्यातूनच उभं राहतं. पुढे त्यांनी काही जणांकडून कित्येक दिवस शाईचे रंग सांगण्याचा सराव करून घेतला, तेव्हा अडथळा कमी झाला.

एखाद्या प्रयुक्ताचा फरक उणे आला तर घाबरू नका आणि खोडूही नका. आधी मूळ नोंदपत्रक काढा आणि त्याला स्टेपल केलेली चिठ्ठी बघा. 'बअ' क्रमाच्या प्रयुक्ताचे वेळ सवयीने 'अ', 'ब' अशा क्रमाने भरले गेले असतील, तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे. रेकॉर्डिंग असेल तर ऐकून खात्री करा, नोंद दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं जर्नलमध्ये लिहा. चिठ्ठी आणि नोंद जुळत असेल, तर तो उणे फरक तसाच ठेवून पुन्हा टी काढा.